मतदानयंत्राची आज्ञावली

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगा जेथे नर्मदेपाशी येऊन थांबतात तेथे, अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी महाराष्ट्रातील ज्या गावांत सर्वप्रथम शिरले, त्यांत या गावाची गणना होते. निवडणूक आली म्हणजे मतदानपथकास तेथे होडीतून जावे लागते. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला. म्हणजे राज्याच्या मतांची मोजदाद कागदोपत्री या डोंगराळ कोपऱ्यापासूनच सुरू होते असे म्हणावयास हरकत नाही.

त्या होडीत पथकाबरोबर जी पेटी असते तीत एक लहानसा संगणक असतो. दिवाणखान्यातील संगणकाप्रमाणे तो पत्रे लिहीत नाही की चित्रे दाखवीत नाही. एकाच कामास जन्मभर बांधून घेतलेला असा हा संगणक आहे. वीजमापक, धुलाईयंत्र किंवा दुकानातील तराजू यांच्या पोटातही त्याचे भाऊबंद असतात. त्याला विजेची तार लागत नाही; बॅटरीवर त्याचा दिवस निभतो. त्याला जी कामे सांगावयाची ती एका चिमुकल्या चकतीत लिहिलेली असतात. या लेखास आज्ञावली म्हणतात. मणिबेलीच्या मतदाराने दाबलेल्या बटणाचे मत झाले की नाही, हे ती आज्ञावली ठरविते. तेव्हा ती कोणी लिहिली, आणि लिहिल्यावर ती कोणास बदलता येते काय, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

या यंत्राचा इतिहास १९७७ साली सुरू होतो. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी ही कल्पना पुढे मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ साली नमुना सिद्ध केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखविण्यात आला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही दुसरी सरकारी कंपनीही या कामात आली. यंत्राच्या बाह्यरूपाला आकार देण्याचे काम मात्र महाराष्ट्रात झाले, मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांनी ते केले. अक्षरओळख नसलेल्या माणसासही चिन्ह पाहून शेजारचे बटण दाबता यावे, हा त्या आकाराचा गुण होय.

पहिली परीक्षा केरळातील परूर येथे १९ मे १९८२ रोजी झाली. पन्नास मतदान केंद्रांवर यंत्रे ठेवण्यात आली. निकाल लागला तो १२३ मतांच्या फरकाने. पराभूत उमेदवार न्यायालयात गेला आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरविले. यंत्राने चूक केली म्हणून नव्हे, तर कायद्यात यंत्रास जागाच नव्हती म्हणून. तेथे कागदी मतपत्रिकांनी फेरमतदान झाले आणि निकाल उलटला. पुढे १९८९ साली कायद्यात ६१-अ हे कलम घालण्यात आले, तेव्हा कोठे यंत्रास अधिष्ठान मिळाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ मतदारसंघांत ती वापरली गेली. नंदुरबार हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तोही त्याच वर्षी, १ जुलै रोजी. २००४ सालच्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व जागांचे मतदान यंत्रांवर झाले.

आता यंत्राच्या पोटात पाहू. आज्ञावली तयार करणे आणि यंत्र निवडणुकीसाठी सज्ज करणे, ही दोन कामे येथे बुद्ध्याच वेगळी ठेवलेली आहेत. दोन्ही कंपन्यांतील निवडक अभियंते आपापली आज्ञावली स्वतंत्रपणे रचतात. ती चकतीवर एकदाच उमटविली जाते. शिलालेखाप्रमाणे तीवर पुन्हा लेखणी चालत नाही. कोणत्या गावात कोण उमेदवार उभा राहील, हे त्या अभियंत्यांस ठाऊक असणे शक्य नसते. आज्ञावलीस उमेदवाराचे नाव कळत नाही, पक्ष कळत नाही. तिला कळतो तो बटणाचा क्रमांक.

नावांचा क्रम ठरतो तो अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. मग जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रांवर छापील मतपत्रिका बसवितात, उमेदवार किती ते यंत्रास सांगतात आणि कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक निवडीने ठरवितात. येणेप्रमाणे ज्याने लेख लिहिला त्यास नावे माहीत नसतात आणि ज्यास नावे माहीत असतात त्यास लेख बदलता येत नाही. २०१३ साली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला तेव्हा त्याच्या वाट्यास शेवटचे बटण आले. यंत्राच्या लेखी ते आणखी एक बटण, इतकेच.

तथापि शंका संपल्या नाहीत, आणि त्या अगदीच निराधार होत्या असेही म्हणता येणार नाही. २०१० साली भारतीय, अमेरिकन व डच संशोधकांनी एक यंत्र हाती घेऊन दाखविले की, आज्ञावलीस स्पर्श न करताही फसवणूक संभवते: आकडे दाखविणारी पाटी बदलून तीत खोटे आकडे दाखविणारा भाग बसविता येतो. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे की, पहाऱ्यात व मोहोरबंद असलेले यंत्र कोणाच्या हाती लागणार नाही. वाद झाला, पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. लेख अढळ असला तरी तेवढ्याने पेटी विश्वासार्ह होत नाही; मोहोर, पहारा आणि साक्षीदार यांची गरज उरतेच.

म्हणून कागद परत आला. २०१३ साली नागालँडमधील नोकसेन येथे प्रथम मताची छापील चिठ्ठी दाखविणारे व्हीव्हीपॅट यंत्र वापरले गेले. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि मग बंद पेटीत पडते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर झाली, आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा पाहावा असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

परंतु चिठ्ठीवर नाव व चिन्ह छापावयाचे तर ते यंत्रात आधी भरावे लागते. जे ज्ञान पेटीबाहेर ठेवले होते ते आता पेटीशेजारी आले, आणि त्याबरोबर नवी तपासणीही आली. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. पण चिन्हे भरणारी उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपावीत, आणि दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या चकत्या अभियंत्यांकडून तपासाव्यात, असा आदेश दिला. त्यानंतर सतराव्या दिवशी, १३ मे रोजी, नंदुरबार मतदारसंघात मतदान झाले.

मतदानाच्या सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते टाकून अभिरूप मतदान होते. आकडे जुळले की ती मते पुसली जातात, चिठ्ठ्या काढून घेतल्या जातात आणि खरे मतदान सुरू होते. सायंकाळी समाप्तीचे बटण दाबल्यावर यंत्र आणखी मत घेत नाही. एकूण मते किती नोंदली, याच्या हिशेबाची प्रत प्रतिनिधींच्या हाती दिली जाते आणि यंत्रावर मोहोर लागते. नर्मदेच्या पाण्यावरून पेटी परत निघते तेव्हा तो आकडा गावातही मागे राहिलेला असतो. मोजणीच्या दिवशी पेटीतील आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. आज्ञावली वाचता न येणाऱ्या माणसासही हा ताळा पाहता येतो, आणि तो पाहण्याचा त्याचा हक्क आहे.