दोन माधवराव आणि एक रिकामा रकाना

कावेरीकाठच्या कुंभकोणमने त्रावणकोर संस्थानाला माधवराव नावाचे दोन दिवाण दिले. दोघेही मराठी, दोघांचाही जन्म कुंभकोणमचा, आणि दोघेही पुढे बडोद्याचे दिवाण झाले. पहिले सर टी. माधवराव, जन्म १८२८. त्रावणकोरचा कारभार त्यांनी १८७२ पर्यंत पाहिला, मग ते इंदूरला होळकरांकडे गेले, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याची विसकटलेली घडी बसविण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. दुसरे व्ही. पी. माधवराव, जन्म १८५०. ते १९०४ ते १९०६ या काळात त्रावणकोरला, त्यानंतर १९०९ पर्यंत म्हैसूरला आणि १९१४ ते १९१६ बडोद्याला दिवाण होते. त्रावणकोरची श्रीमूलम् प्रजासभा त्यांच्याच कारकिर्दीत, १९०४ साली सुरू झाली.

नाव, जन्मगाव, पद, संस्थाने सारे जुळते. या दोघांना वेगळे ठेवणारी गोष्ट म्हणजे नावाआधीची अक्षरे. ती अक्षरेही एका जातीची नाहीत. व्ही. पी. म्हणजे विश्वनाथ पाटणकर; म्हणजे आडनाव आहे, पण ते मधे दडलेले आहे आणि स्वतःचे नाव शेवटी. टी. हे मात्र तंजावर या गावाचे आद्याक्षर. टी. माधवरावांच्या वडिलांचे नाव रंगराव होते. त्याचा या अक्षराशी काही संबंध नाही. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले तरी त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत गेलेली मराठी घराणी तिथेच राहिली. त्यांनी घरात मराठी टिकवली, पण नाव लिहिण्याची रीत तमिळ देशाची उचलली. ‘राव’ हे आदरार्थी पद आडनावाच्या जागी बसले ते असे.

संगणकाच्या व्हेरिएबलवर लिहितांना मी दिवाणांच्या वंशावळीत का शिरलो, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण शुद्ध कार्यालयीन आहे. माझ्या नोकरीच्या काळात एका कार्यालयातील डेटाबेस प्रणाली काही ठराविक अर्जदारांची नोंद उघडली की तिथल्या तिथे बंद पडत असे. कर्मचारी त्याला यंत्राचा लहरीपणा म्हणत. नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्या सर्वांत एकच साम्य आढळले : आडनावाचा रकाना रिकामा. बहुतेक अर्जदार दक्षिणेतले होते.

आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन घरे इतकी अंगवळणी पडली आहेत की चौथी कुठली पद्धत असेल हे अर्ज आखणाऱ्याच्या मनातही येत नाही. प्रणाली लिहिणारा आडनावासाठी व्हेरिएबल, म्हणजे माहिती क्षणभर ठेवण्याचा एक डबा, घोषित करतो आणि त्याचा प्रकार ठरवतो ‘मजकूर’. व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आणि अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये बाजारात आले. पुढे असंख्य लहान कार्यालयांच्या प्रणाली याच जोडीवर उभ्या राहिल्या. या भाषेत मजकुराच्या डब्यात मजकूरच बसतो. डेटाबेसमधील रिकाम्या रकान्यात मात्र मजकूर नसतो, शून्यही नसते. तिथे ‘नल्’ असते, म्हणजे ‘येथे काही नोंदलेले नाही’ एवढीच खूण. नल् सामावू शकणारा डब्याचा प्रकार एकच, ‘व्हेरिअंट’. मजकुराच्या डब्यात नल् कोंबले की ९४ क्रमांकाची चूक उद्भवते आणि ती हाताळण्याची सोय केलेली नसेल तर फॉर्म कोसळतो.

येथवरचा प्रकार केवळ गैरसोयीचा आहे. खरा धोका पुढच्या दुरुस्तीत असतो. घाईतला माणूस कार्यपद्धतीच्या डोक्यावर एक ओळ लिहितो : चूक आली तर पुढच्या ओळीवर जा. फॉर्म कोसळणे तात्काळ थांबते, सगळे समाधानी होतात. पण डब्यात नल् ठेवण्याची क्रिया फसली, म्हणून डबा रिकामा होत नाही. आधीच्या नोंदीचा मजकूर त्यात तसाच राहतो. समजा, आधी व्ही. पी. माधवरावांची नोंद वाचली आणि डब्यात ‘पाटणकर’ आले. पुढची नोंद टी. माधवरावांची, आडनाव कोरे. दाखला छापून येतो तो ‘माधवराव पाटणकर’ असा, आणि कोणालाही शंका येत नाही. असल्या प्रणालीपेक्षा मला कोसळणारी प्रणाली शतपटीने प्रामाणिक वाटते.

उपाय कष्टाचे नाहीत. रिकामा असू शकणारा रकाना व्हेरिअंटमध्ये घ्यावा, किंवा अ‍ॅक्सेसमधील ‘एन्झेड’ या फंक्शनने नल्‌चे कोऱ्या मजकुरात रूपांतर करून मगच डब्यात ठेवावा. प्रत्येक नोंदीच्या आरंभी डबे स्वतः धुवावेत. या भाषेत घोषणा फेऱ्याच्या आत लिहिली तरी दर फेरीला डबा आपोआप रिकामा होत नाही, आणि हे पुष्कळ अनुभवी लोकही विसरतात. साऱ्या प्रणालीने मिळून वापरायचे सार्वत्रिक डबे शक्य तितके कमी ठेवावेत. एखादी न हाताळलेली चूक घडली आणि वापरणाऱ्याने ‘एन्ड’ दाबले की त्या डब्यांतले कार्यालयाचे संकेतांक, कर्मचाऱ्याचे नाव सर्व पुसले जाते, आणि त्यावर विसंबलेला पुढचा फॉर्म, ज्यात मुळात दोष नाही, तोही पडतो. अ‍ॅक्सेसच्या २००७ च्या आवृत्तीत ‘टेम्पव्हार्स’ आले ते अशा प्रसंगी टिकून राहतात.

डेटाबेसचा संबंधाधिष्ठित नमुना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला आणि १९७९ मध्ये त्यांनी नल्‌चा विचार अधिक तपशिलाने केला. कोरेपण हीसुद्धा नोंद आहे, ही जाण मात्र मराठी दप्तराला फार जुनी. मोडीतील राजपत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब’ अशी लहान मुद्रा उमटवीत. लेखन येथे संपले, खालची जागा जाणूनबुजून मोकळी आहे, तिथे मागाहून कोणी काही घुसडू नये, असा तिचा अर्थ. रिकाम्या जागेला असे रिकामी म्हणून जाहीर करणे आजच्या अर्जांत क्वचितच दिसते. तिथे आडनाव सक्तीचे करून टाकतात आणि मग अर्जदार टिंब देतो, आडवी रेघ देतो किंवा वडिलांचे नाव लिहून मोकळा होतो.

परदेशस्थ वाचकांना याचा दुसरा नमुना ठाऊक असेल. पारपत्रावर एकच नाव असलेल्या माणसाच्या अमेरिकी व्हिसावर ‘एफ. एन. यू.’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे छापतात, आणि मग ती अक्षरेच त्याचे नाव असल्यासारखी बँकेत व विद्यापीठात हिंडू लागतात. कुंभकोणमच्या शाळेत शिकलेले एस. रामानुजन जगाला ‘श्रीनिवास’ या पहिल्या नावाने माहीत आहेत. ते त्यांच्या वडिलांचे नाव.

नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तीन नोंदी भरून पाहाव्यात, असे मी सांगत असतो : व्ही. पी. माधवराव आडनावासह, लगेच टी. माधवराव आडनावाविना, आणि मग एस. रामानुजन. क्रम बदलू नये. दुसऱ्या नोंदीचा दाखला छापून, तो पडद्यावर नव्हे तर कागदावर वाचावा.