वस्तादाची जागा : एक डच प्रशिक्षक, भारतीय संघ आणि कोल्हापूरचे मैदान

2 सप्टेंबर 2012 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताने कॅमेरूनला पेनल्टी शूटआउटमध्ये 5-4 असे हरवून नेहरू चषक जिंकला. निर्धारित वेळेत सामना 2-2 असा बरोबरीत सुटला होता. कॅमेरूनने आपला पहिल्या फळीचा संघ पाठवला नव्हता, हे खरे. तरीही आफ्रिकेतल्या एका मातब्बर देशाच्या जर्सीतल्या संघाला आपण हरवले, याचा आनंद मोठा होता. आमच्या कोल्हापुरात पेठांतल्या कट्ट्यांवर दोन-तीन दिवस हाच विषय चालला. सुनील छेत्रीच्या पेनल्टीविषयी, गौरमांगी सिंगच्या गोलाविषयी सारे बोलत होते. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या उंच, शांत डच माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. त्याचे नाव विम कूव्हरमान्स.

मी क्रीडाशिक्षक नाही आणि विद्यापीठातला अभ्यासकही नाही. कोल्हापूरच्या तालमी आणि मैदाने यांविषयीची कात्रणे, स्मरणिका, स्पर्धांची हस्तपत्रके जमवण्याचा मला पंचवीस-तीस वर्षांचा नाद आहे. त्या नादातूनच एक प्रश्न माझ्यापुढे वारंवार येत राहिला. खेळाडू खेळायचा थांबतो, तेव्हा त्याच्यापाशी साठलेल्या विद्येचे काय होते? कूव्हरमान्स यांच्या कारकिर्दीकडे मी वळलो तो या प्रश्नाचा माग काढत.

एक सामना न खेळलेला विजेता

1960 साली जन्मलेले कूव्हरमान्स बचावफळीत खेळत. हॉलंडच्या दक्षिणेकडील लिम्बुर्ख प्रांतातल्या फॉर्तुना सिटार्ड या क्लबचे ते खेळाडू. आयाक्स, फायेनोर्ड, पीएसव्ही या तीन बड्या क्लबांच्या तुलनेत हा क्लब लहान. पण 1988च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी रिनस मिशेल्स यांनी निवडलेल्या वीस जणांत कूव्हरमान्स यांचे नाव होते. हॉलंडने 25 जून 1988 रोजी म्युनिकमध्ये सोव्हिएत युनियनचा 2-0 असा पराभव केला. गुलिटचा हेडर आणि व्हॅन बास्टनची ती अशक्य कोनातून मारलेली व्हॉली आजही दाखवली जाते. त्या संपूर्ण स्पर्धेत कूव्हरमान्स यांना एक मिनिटही मैदानावर उतरता आले नाही.

त्यांचे पुढचे आयुष्य समजून घ्यायला ही बाब महत्त्वाची वाटते. आपल्याकडे असा खेळाडू 'राखीव' म्हणून विस्मरणात जातो. हॉलंडमध्ये त्याला पुढचा रस्ता होता. डच फुटबॉल संघटनेने झाइस्ट येथील आपल्या केंद्रात प्रशिक्षकांची एक शिस्तबद्ध शाळाच उभी केली आहे. मुलांना शिकवण्यापासून व्यावसायिक संघ हाताळण्यापर्यंत पायरीपायरीने परीक्षा द्यायच्या, पदविका मिळवायच्या आणि मगच पुढे जायचे, अशी ती व्यवस्था. तिचा कडकपणा एका उदाहरणावरून कळतो. योहान क्रायफसारखा जगद्विख्यात खेळाडू 1985 साली आयाक्सची सूत्रे घ्यायला आला, तेव्हा त्याच्याकडे आवश्यक पदविका नव्हती. म्हणून त्याला 'प्रशिक्षक' न म्हणता 'तांत्रिक संचालक' म्हणावे लागले. पुढे 1987 साली त्याने आयाक्सला युरोपीय करंडक विजेत्यांचा चषक आणि 1992 साली बार्सिलोनाला युरोपीय चषक जिंकून दिला, हा भाग वेगळा. नियम मात्र नियम होता.

कूव्हरमान्स या शाळेतले. डच संघटनेत काम केल्यानंतर 2008 साली ते आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेत उच्च कामगिरी संचालक झाले. तरुण खेळाडू घडवण्याची साखळी बांधणे, हे तिथले काम. 2012 साली ते भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या थोडे आधीच रॉब बान हे दुसरे डच प्रशिक्षक अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक झाले होते. म्हणजे वरच्या दोन्ही खुर्च्यांवर एकाच शाळेची माणसे होती.

अडीच वर्षांचा हिशेब

डच पद्धत थोडक्यात अशी. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, गोलरक्षकापासून पास देत वर सरकायचे, प्रत्येकाने आपली जागा आणि शेजाऱ्याची जागा दोन्ही ओळखायची. कूव्हरमान्स यांच्याआधी बॉब हाउटन या इंग्रज प्रशिक्षकाने 2007 आणि 2009चा नेहरू चषक जिंकून दिला होता. त्यांचा भर भक्कम बचाव आणि थेट, लांब पासवर. नवा माणूस उलट दिशेने निघाला. नेहरू चषकाच्या सलामीच्या सामन्यात सीरियावर 2-1 असा विजय मिळाला, अंतिम सामन्यात कॅमेरूनचा पाडाव झाला, आणि वाटले, गाडी रुळावर आली.

ती फार काळ टिकली नाही. मार्च 2013 मध्ये यांगूनला म्यानमारकडून 0-1 अशी हार पत्करून भारत एएफसी चॅलेंज चषकाच्या मुख्य स्पर्धेबाहेर राहिला. त्याच वर्षी काठमांडूच्या सॅफ स्पर्धेत नेपाळने साखळीत आपल्याला हरवले आणि 11 सप्टेंबरला अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने 2-0 असे नमवले. मार्च 2014 मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर बांगलादेशाने 2-2 असे रोखले. इंचॉनच्या आशियाई खेळांत तेवीस वर्षांखालील संघ संयुक्त अरब अमिरातीकडून 0-5 आणि जॉर्डनकडून 0-2 असा हरला. 2014 अखेर कूव्हरमान्स यांचा प्रवास संपला आणि जानेवारी 2015 मध्ये इंग्रज प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन परत आले.

एवढ्यावरून त्यांना अपयशी ठरवणे सोपे आहे. पण थोडा विचार करावा. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षातून काही आठवडेच असतात. बाकीचे महिने ते आपापल्या क्लबांत. तिथे आघाडीला बहुधा परदेशी खेळाडू आणि त्याच्याकडे उंच चेंडू टाकणे, हाच खेळ. विशी ओलांडलेल्या, सवयी पक्क्या झालेल्या खेळाडूला आठ दिवसांच्या शिबिरात पासिंगची भाषा शिकवायची, हे जवळपास अशक्य काम. डच मुलगा ती भाषा सातव्या-आठव्या वर्षी शिकतो, कारण त्याच्या गल्लीतल्या क्लबातही शिकलेला प्रशिक्षक असतो. आपण शाळेचा शेवटचा वर्ग आयात केला, बालवाडी केली नाही.

परका वस्ताद

परदेशातून गुरू आणणे, यात कमीपणा नाही. खुद्द डच फुटबॉल इंग्रजांनी शिकवले. जॅक रेनल्ड्स या इंग्रजाने 1915 ते 1947 या काळात, मध्ये खंड पडत, आयाक्सला घडवले. त्यांच्या हाताखाली खेळलेला एक तरुण आघाडीवीर पुढे व्यायामशिक्षक झाला आणि 1965 साली त्याच क्लबाचा प्रशिक्षक बनला. तो म्हणजे रिनस मिशेल्स. 1971 साली आयाक्सने युरोपीय चषक जिंकला, 1974 साली त्यांचा डच संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. 'टोटल फुटबॉल' नावाने जग ज्याला ओळखते, त्याच्या मुळाशी असा एक परका वस्ताद आहे. फरक इतकाच, की रेनल्ड्स गेले तेव्हा त्यांची विद्या घेऊन उभा राहणारा माणूस मागे होता.

कोल्हापूरला हे नवे नाही. खाशाबा जाधव 1948 साली राजाराम कॉलेजचे विद्यार्थी म्हणून लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटवरच्या कुस्तीचे धडे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने दिले. त्या वेळी खाशाबा सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. परक्या गुरूची विद्या आमच्या लाल मातीने पचवली, कारण ती पचवण्याची व्यवस्था इथे होती.

त्या व्यवस्थेचे नाव तालीम. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि 1912 साली बांधलेले खासबाग मैदान यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वस्तादाविषयी तुलनेने कमी लिहिले जाते. वस्ताद हा बहुधा स्वतः लढलेला, वय झाल्यावर लांग उतरवलेला मल्ल. पोराला दहाव्या-बाराव्या वर्षी हौद्यात उतरवायचे, त्याचा खुराक, त्याची झोप, त्याचा स्वभाव पाहायचा, कोणाबरोबर जोड लावायची आणि कोणाबरोबर अजून लावायची नाही, हे ठरवायचे. हिंदकेसरी झालेला पठ्ठ्याही वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय आखाड्यात उतरत नाही. कारकीर्द संपली की मल्लाला तालमीत एक मानाची जागा असते, आणि ती जागाच विद्या टिकवते. झाइस्टच्या शाळेने जे नियमावली आणि पदविकांनी साधले, ते तालमीने मानाने आणि रिवाजाने साधले होते.

पेठेतले फुटबॉल

आता गंमत अशी, की कोल्हापूरचे फुटबॉल याच तालमींच्या अंगणात वाढले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही आमच्या फुटबॉल संघांची नावेच सांगतात, की ती कुठून आली. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ यांचीही मुळे पेठेतच. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, दरवर्षी वरिष्ठ गटाच्या 16 संघांची लीग भरवते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असा सामना असला, की दुपारपासून गॅलरी भरते. विश्वचषकाच्या वर्षी ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी गल्ल्या झाकून जातात. हे प्रेम महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच दिसेल.

तालमीने फुटबॉलला नाव दिले, ईर्षा दिली, वर्गणी दिली. वस्तादाची जागा मात्र दिली नाही. संघाला व्यवस्थापक असतो, पुरस्कर्ता असतो, आणि हंगामापुरते आणलेले आफ्रिकी खेळाडू असतात. मुलांना शिकवणारा माणूस असलाच, तर तो नोकरी-धंदा सांभाळून, हौसेने संध्याकाळी येणारा जुना खेळाडू. त्याला मानधन बहुधा नसते, परवान्याच्या अभ्यासक्रमाला जायला सुटी नसते. तिशी उलटली, गुडघा गेला, की आमचा खेळाडू गॅलरीत जाऊन बसतो. त्याच्या डोळ्यांनी तो आजही अचूक सांगतो, की पास कुठे द्यायला हवा होता. पण ते ऐकायला खाली पोरगे नसते.

म्हणूनच ज्याला पुढे जायचे त्याला गाव सोडावे लागते. अनिकेत जाधव लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. निखिल कदम पुणे एफसीमार्गे पुढे मोहन बागानपर्यंत पोहोचला. दोघांचाही आम्हाला अभिमान आहे. पण त्यांचे खरे शिक्षण गावाबाहेर झाले, हेही त्याच अभिमानाच्या शेजारी मांडून ठेवले पाहिजे.

पुण्याचा धडा

तर मग पैसेवाले क्लब आणि परदेशी प्रशिक्षक, हा उपाय आहे का? याचे उत्तर पुण्याने दिले आहे. 2007 साली स्थापन झालेल्या पुणे एफसीने चांगली अकादमी उभारली. गोव्याचे माजी बचावपटू डेरिक परेरा यांच्या हाताखाली 2012-13 मध्ये संघ आय-लीगमध्ये दुसरा आला. पुढच्या हंगामात माइक स्नोई हे डच प्रशिक्षक आले आणि एका हंगामानंतर गेले. नंतर क्लबच गेला. भारत एफसी एका हंगामात संपला, डीएसके शिवाजियन्सही थांबला, एफसी पुणे सिटी 2019 साली बंद झाला. दहा-बारा वर्षांत पुण्यातली ही चार दुकाने उघडली आणि मिटली. मुंबईत महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघ 2010 साली विसर्जित झाला होता. जिथे क्लबच टिकत नाही, तिथे प्रशिक्षकाची विद्या कोणाकडे ठेवायची?

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यातून सांगता येते. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील दुखापतींमुळे लवकर थांबले आणि 2009 साली मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. सात वर्षे ते एकाच क्लबात राहिले. गाजावाजा नाही, करंडक नाही, तुटपुंज्या साधनांत संघ तगवायचा. ती त्यांची शाळा. 2016-17 मध्ये मिझोरमच्या ऐझॉल या छोट्या शहरातल्या क्लबाला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. कूव्हरमान्स ज्या खुर्चीवर बसले होते, तिच्यावर मुंबईच्या मैदानांत मुरलेला माणूस आला, तो आधी सात वर्षे एका ठिकाणी टिकू दिला गेला म्हणून.

आमच्या पेठांपाशी पुण्याच्या क्लबांकडे नव्हती ती एक गोष्ट आहे. त्या टिकतात. मालकाने हात काढला म्हणून पाटाकडील तालीम किंवा दिलबहार बंद पडत नाही, कारण त्यांना मालक नाही, पेठ आहे. अशा संस्थेने ठरवले, तर दरवर्षी एका माजी खेळाडूला परवान्याच्या अभ्यासक्रमाला पाठवणे तिला जड नाही. एका परदेशी आघाडीवीराच्या हंगामाच्या बिदागीतून काही भाग त्यासाठी काढायचा, आणि शिकून आलेल्या माणसाच्या हाती बारा वर्षांखालची पोरे दहा वर्षे द्यायची. दहा वर्षे हा काळ ऐकायला मोठा वाटतो, पण हौद्यात उतरलेल्या पोराला वस्ताद एवढा वेळ सहज देत असे.

1988च्या त्या डच संघात कूव्हरमान्स बाकावर बसून होते. त्यांच्या देशाने बाकावरच्या माणसाकडूनही शिकवण्याचे काम करून घेतले. आमच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत असे कितीतरी जण बसलेले असतात. पुढच्या हंगामात संघांच्या याद्या जाहीर होतील तेव्हा आघाडीला कोण, हे सगळे पाहतीलच. मी मात्र प्रत्येक यादीच्या तळाशी प्रशिक्षक म्हणून कोणाचे नाव आहे, आणि ते गेल्या वर्षीचेच आहे का, हे पाहणार आहे.