रंकाळा तलाव आणि कष्टकऱ्यांचा विसावा

कोल्हापूरचा रंकाळा पाहिला नाही असा माणूस आपल्या हातकणंगले तालुक्यात शोधून सापडायचा नाही. अंबाबाईचे दर्शन घ्यावे आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ खावी, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. परंतु ज्या पाण्याकाठी आपण घटकाभर टेकतो ते पाणी तेथे साठले कसे, आणि टेकण्याची ही सवड आपल्याला लाभली कशी, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते दोहोंचे उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे माणसाचे कष्ट.

प्रथम निसर्गाचा वाटा पाहू. आपल्या पायांखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हारसाचा आहे. थरावर थर साचून हे पठार बनले. हा खडक मोठा घट्ट. पाणी त्यात मुरते ते मुख्यतः चिरांतून आणि भेगांतून. त्यामुळे अशा खडकात खोल खड्डा पडला आणि भोवतालच्या उताराचे पाणी त्यात उतरले, तर ते पुष्कळ काळ टिकून राहते.

हा खड्डा पाडला कोणी? परंपरा सांगते की येथे दगडाची मोठी खाण होती, तिच्यातील दगड देवळांच्या बांधकामास गेला, आणि आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास भूकंप होऊन खाणीत पाणी भरले. तळाशी रंकभैरवाचे देऊळ आहे, त्यावरून रंकाळा हे नाव पडले, असेही सांगतात. भूकंपाची कथा आम्ही परंपरा म्हणूनच सांगतो. खाणीची गोष्ट मात्र डोळ्यांना पटणारी आहे. रंकाळ्याला लागूनच इराणी खण आणि पतौडी खण आहेत. त्यांच्या नावातच त्यांचा जन्म लिहिलेला आहे. तलावातील दगडी संध्यामठ पावसाळ्यात बुडतो आणि पाणी उतरले की पुन्हा उघडा पडतो.

काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात उभा राहिला. त्याला राजकन्येचे नाव मिळाले. ज्या वडार-पाथरवटांनी पहार आणि सुतकी चालवून असले दगड पिढ्यानुपिढ्या काढले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही. हे आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. इतिहासाचा हिशेब पुरा व्हावा म्हणून सांगतो.

आता सवडीचा हिशेब. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि हातकणंगल्याहून कोल्हापूर एका बैठकीच्या अंतरावर आले. पण गाडी असून काय उपयोग, जर सुटीच नसेल? इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. त्यानंतर देशातील कारखान्यांना आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आणि एक सुटी १९४८ च्या कायद्याने घालून दिली, तरी मागाच्या लहान शेडमधल्या कामगाराची बारा तासांची पाळी काही सुटली नाही. रंकाळा सर्वांना खुला आहे असे आपण म्हणतो. पण ज्याची संध्याकाळ विकली गेली आहे त्याला तो खुला नाही.

आणि आता पाण्याचा हिशेब. भोवतालची वस्ती वाढली, नाल्यांचे सांडपाणी तलावात उतरू लागले. या पाण्यातील नत्र आणि स्फुरद म्हणजे केंदाळाला आणि शेवाळाला आयते खतच. ते माजते, मग कुजते. कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. रंकाळ्याचे पाणी हिरवे पडलेले कोल्हापूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला. गणेश विसर्जनासाठी इराणी खणीचा वापर सुरू झाला. हे चांगलेच झाले. तथापि नाला तोंडाशी अडविला नाही, तर काठावर कितीही दिवे लावले तरी पाणी निवळणार नाही.

कोल्हापूरच्या तलावाची चिंता आपण हातकणंगलेकरांनी का करावी, असे कोणी विचारील. उत्तर उताराचे आहे. त्या शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे पंचगंगेला मिळते, आणि पंचगंगा तेथून आपल्या तालुक्याला लागून पुढे नरसोबावाडीस कृष्णेला भेटते. दूषित पाणी काय करते हे २०१२ साली इचलकरंजीतल्या काविळीच्या साथीने दाखवून दिले आहे. त्या साथीत माणसे दगावली, आणि अशा साथीत मजुरी बुडते ती रोजंदारीवाल्याची.

म्हणून मंडळी, रंकाळा स्वच्छ राहावा ही मागणी केवळ शोभेची नव्हे. शुद्ध पाणी आणि मोकळी संध्याकाळ ह्या दोन्ही गोष्टी हक्काच्या आहेत, आणि दोन्हींसाठी लोकांना एकत्र यावे लागते. पुढच्या खेपेस भेळ खायला जाल तेव्हा त्या पाण्यात कोणता नाला येतो तेवढे विचारा, आणि परत आल्यावर आपल्या गावचा नाला कोठे जातो तेही पाहा.