मिठागरांचा संकोच आणि पाणपक्षी : नवी मुंबईच्या इतिहासातील एक उपेक्षित बाजू

खाऱ्या सरोवरांच्या आकुंचनाची चर्चा करताना इराणमधील उर्मिया अथवा अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक यांचे दाखले दिले जातात. नद्यांचे पाणी शेतीकडे वळविल्याने ही सरोवरे आटली, क्षारता वाढली आणि पाणपक्ष्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव घटले. नवी मुंबईत असे नैसर्गिक सरोवर नाही. तथापि ठाणे-पनवेल खाडीकाठची मिठागरे म्हणजे मानवनिर्मित, उथळ खारी सरोवरेच होती, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे.

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये येथील मीठ उत्पादनाची सविस्तर नोंद आढळते. आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडले जाते. भरतीचे पाणी बांधातील उघाडीतून आत घ्यावयाचे, कप्प्याकप्प्यांतून फिरवावयाचे व उन्हात आटवावयाचे, ही या व्यवसायाची रीत. खारभूमीचा बांध समुद्राला बाहेर ठेवतो. मिठागर मात्र त्याला मोजून आत बोलावते. शेकाट्या, तुतवार यांसारख्या पक्ष्यांना येथे भरतीच्या वेळी विसावा मिळे. ओहोटीत चिखलाणीवर चरणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही, चिखलाणी पाण्याखाली गेली की, अशाच उथळ जागेची गरज भासते.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. इतिहासलेखनाने हा संघर्ष योग्य रीतीने जतन केला आहे. परंतु मोबदला एकरांत मोजला गेला. आगरांच्या बांधाआडील पाणी कोणत्याच हिशेबात आले नाही. (आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांकडूनही ते सुटलेच.) भरावाखाली आगऱ्याचा व्यवसाय आणि पक्ष्याचा विसावा एकाच वेळी गेला.

उर्मियाला नदी आटल्याने जे झाले, ते येथे भरती अडल्याने घडते, एवढाच फरक. उरणजवळील पाणजे आणि नेरूळचा डीपीएस तलाव यांविषयी पाण्याचे मार्ग बंद झाल्याच्या तक्रारी याच स्वरूपाच्या आहेत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने नेरूळच्या पाणथळ जागेवर गोल्फ मैदान व निवासी संकुल उभारण्याची परवानगी रद्द ठरविली. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच परिसरात रोहित पक्षी मृतावस्थेत आढळले.

दरम्यान ठाणे खाडीस २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा लाभला. हे संरक्षण मुख्यतः खाडीचे, म्हणजे ओहोटीतील चराऊ भागाचे आहे; भरतीतील विसाव्याच्या बहुतेक जागा सीमेबाहेर राहिल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली, ती या उणिवेची अधिकृत दखल होय.