कबरीपाशी पोहोचलेल्या बायका

ईस्टर म्हटलं की आपल्याला रंगवलेली अंडी आणि शुभेच्छांचे फॉरवर्ड आठवतात. सणाच्या मुळाशी मात्र आहे एक रिकामी कबर. तिथे सगळ्यांत आधी पोहोचल्या त्या बायका. चारही शुभवर्तमानांत मग्दालिया मरीयेचं नाव येतं. लूक तर सांगतो, की बायकांनी येऊन जे सांगितलं ते प्रेषितांना बडबड वाटलं.

हा प्रसंग वाचताना मला दर वेळी पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. त्या काळी उच्चवर्णीय घरांत विधवा होणं म्हणजे केशवपन, उपासतापास आणि शुभकार्यात तोंड न दाखवणं. श्वास चालू, पण माणसांच्या हिशेबातून वजा. जिवंतपणी कबरीत, असंच म्हणायला हवं.

त्याच वर्षी त्यांनी हंटर कमिशनसमोर साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी शिक्षिका आणि डॉक्टर हव्यात, असं मांडलं. बायकांच्या बोलण्याला बडबड समजणाऱ्या काळात ती साक्ष नोंदली गेली. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, नंतर ते पुण्याला नेलं. तिथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप झाला आणि अनेक मुली काढून नेल्या गेल्या. तो वाद दोन्ही बाजूंनी कडवट होता आणि धर्मांतराचे प्रश्न आजही सहज सुटणारे नाहीत. म्हणून मी त्यांना संत करत नाही. मला रस आहे त्यांनी पुढे काय केलं, यात.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे ठाऊक असलेली ही बाई तिथे गेली आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवलं, छापखाना चालवला. ज्यांना घरादाराने टाकलं होतं, त्या बायका स्वतःच्या हातांनी कमावू लागल्या.

पुनरुत्थानासाठी नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'आनास्तासिस', म्हणजे पुन्हा उभं राहणं. आपल्या 'उत्थान' शब्दातही तेच आहे. आपण तो मरणानंतरच्या हिशेबात टाकून मोकळे होतो. पण योहान सांगतो, की उठलेल्या येशूने तळ्याकाठी विस्तव पेटवून मासे भाजले आणि दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावलं. आणि त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. थोमाने ते पाहिले. म्हणजे उठणं म्हणजे झालेलं पुसून टाकणं नव्हे. रमाबाईंची माणसं परत आली नाहीत. ती भूकही विसरली गेली नाही, उलट त्याच आठवणीने त्यांना दुसऱ्यांच्या भुकेपर्यंत नेलं. रोजच्या जगण्यातला ईस्टर मला इथे दिसतो: आपला व्रण न लपवता दुसऱ्याला हात देऊन उठवण्यात.

साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल असावं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कितीतरी वर्षं त्या भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाईंनी देह ठेवला. त्या वर्षीचा ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर होता. संपूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून. एकेकाळी अक्षरओळखही नाकारलेल्या बायकांच्या हातांनी त्याचे खिळे जुळवले होते.