परळची एक वास्तू आणि मुंबईचे वैद्य-इतिहासकार

परळ येथे आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू उभी आहे. शेजारच्या के. ई. एम. रुग्णालयात दररोज हजारो लोक ये-जा करतात. त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की लस व जंतुशास्त्र यांसाठी नावाजलेल्या या वास्तूत एके काळी येशूसंघीय धर्मगुरूंचा मठ आणि चर्च होते. सतराव्या शतकातील हा मठ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ताब्यात घेतला. पुढे तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि चर्चच्या जागी मेजवान्यांचे दालन आले. 26 नोव्हेंबर 1804 रोजी सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी परळलाच ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ या विद्वत्सभेची स्थापना केली. आज टाऊन हॉलमध्ये असलेल्या एशियाटिक सोसायटीचे हे मूळ होय. गव्हर्नरांनी मलबार हिलला मुक्काम हलविल्यानंतर 1899 साली परळच्या वास्तूत प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. 1925 पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

धर्म, उच्च विद्या आणि वैद्यक अशा तीन प्रवाहांनी या एकाच परिसरात वस्ती केली. तिन्हींना जोडणारी माणसेही याच शहरात होऊन गेली. त्यांतील काही आपल्याच समाजातील होती. त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आंब्याचे झाड असलेला वैद्य

या परंपरेचा आरंभ गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यापासून करावा लागतो. ते 1534 साली गोव्यात आले. सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचे बेट पोर्तुगालच्या राजाकडून त्यांना खंडाने मिळाले होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात पटकीच्या रोगाचे वर्णन आहे, घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख आहे आणि मुंबईतील आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, अशी कौतुकाची नोंदही आहे. ग्रीक व अरब आचार्यांनी काय लिहिले एवढ्यावर ते थांबत नाहीत; स्थानिक वैद्यांना विचारतात, स्वतः पाहतात आणि मग लिहितात.

ओर्ता यांचे घराणे मूळचे ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. 1568 साली त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्यांची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्याची शिक्षा दिली आणि 1580 साली ओर्ता यांच्या अस्थीही कबरीतून काढून जाळल्या. ही हकीकत आपल्याला क्लेश देणारी आहे. तथापि ती वगळून ओर्ता यांचा गौरव करणे हे अर्धसत्य ठरेल. रोग लपविल्याने बरा होत नाही, हे वैद्याला कोणी शिकवावे लागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकानेही ते ध्यानी ठेवावे.

हडफड्याचे दोन डॉक्टर

1845 साली भायखळ्याला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. या दोन घटनांनी पश्चिम भारतातील तरुणांना आधुनिक विद्येचे दार उघडले. ग्रँट महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून 1851 साली बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे मूळचे गोव्याकडील. एका हाताने त्यांनी कुष्ठरोगावर औषध शोधले आणि दुसऱ्या हाताने अजिंठ्याचे शिलालेख वाचले. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला 1975 पासून त्यांचे नाव आहे.

त्याच महाविद्यालयात शिकलेले डॉ. जुझे जेर्सन दा कुन्हा यांचा जन्म 1844 साली बार्देशातील हडफडे गावी झाला. ब्रिटनमध्ये वैद्यकीय पदव्या मिळवून ते मुंबईस परतले आणि येथेच व्यवसाय करू लागले. मुंबईत डेंग्यू तापाची मोठी साथ आली, तेव्हा 1872 साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. रोगाची लक्षणे व उपचार यांच्याबरोबरच त्यात त्या रोगाचा इतिहासही आहे. वैद्य आणि इतिहासकार त्यांच्या ठायी वेगळे नव्हतेच.

एशियाटिक सोसायटीचे ते सक्रिय सभासद होते. 1876 साली चौल व वसई यांच्या इतिहासावर आणि प्राचीन अवशेषांवर त्यांचा ग्रंथ निघाला. वसई किल्ल्यातील भग्न चर्चे, कोरीव दगड व कबरींवरील लेख यांचा शोध घेऊ पाहणाऱ्याला आजही या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो. 1877 साली त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता पाठभेदांसह संपादित केली. एका ख्रिस्ती डॉक्टराने हिंदू पुराणाची हस्तलिखिते पडताळून छापावीत, याचे त्या विद्वत्सभेत कोणाला वावडे नव्हते. 1881 साली कोकणी भाषेवर त्यांचा निबंध आला; इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरही त्यांनी सविस्तर लिहिले. ‘द ओरिजिन ऑफ बॉम्बे’ हा मुंबईच्या मूळ बेटांचा वृत्तांत 1900 साली सोसायटीच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हडफड्याचेच दुसरे सुपुत्र म्हणजे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस. तेही ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना त्यांना गाठींच्या प्लेगचे निदान झाले आणि त्यांनी ते उघडपणे सांगितले. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेगचे नाव घेणे म्हणजे बंदर ओस पाडणे. साहजिकच हे निदान मान्य करणे अनेकांना जड गेले. परंतु ते खरे ठरले. लाखो लोक शहर सोडून गेले. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट महाविद्यालयातच लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. डॉ. व्हिएगस यांनी हजारो लोकांना ही लस टोचली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. 1898 साली स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती आखल्या, त्याही प्लेगने शिकविलेल्या धड्यामुळेच.

मूळ साधनांचा आग्रह

डॉ. दा कुन्हा यांनी छंद म्हणून केलेले काम विसाव्या शतकात महाविद्यालयाच्या वर्गात आले. 1869 साली सुरू झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास 1922 साली आले. 1926 साली त्यांनी तेथे भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. तीच आजची हेरास संस्था. शिलालेख, नाणी, मूर्ती, दप्तरे ही मूळ साधने हाताळल्याविना इतिहास लिहू नये, हा त्यांचा आग्रह होता. 1955 साली ते मुंबईतच निवर्तले.

त्याच 1926 साली परळला के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय डॉक्टरांनीच शिकवावे, हा देणगीदारांचा संकल्प होता.

आपल्या कपाटातील नोंदवह्या

हे सर्व वाचून आपल्या थोर पूर्वजांचा अभिमान वाटेल, तो वाटावाच. परंतु आम्हांला एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. दादरचे पोर्तुगीज चर्च 1596 चे. माहीमचे सेंट मायकल त्याहूनही जुने. गिरगाव, माझगाव, भायखळा या भागांतील धर्मग्रामांनाही दीर्घ इतिहास आहे. जुन्या धर्मग्रामांच्या कपाटांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असतात. त्या लॅटिन वा पोर्तुगीज भाषेत आहेत म्हणून कोणी उघडत नाही. प्लेगच्या महिन्यांत एखाद्या धर्मग्रामात आठवड्याला किती दफने झाली, 1918 च्या इन्फ्लुएंझात कोणत्या वयाची माणसे गेली, लालबाग-परळच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा कोणत्या गावांहून कुटुंबे आली, हे अशा वह्यांतून कळू शकते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही त्या उपयोगी आहेत आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही.

एका जुन्या धर्मग्रामात वाळवीने पोखरलेली अशी वही आम्ही हातात घेतली आहे. पाने उलटताना त्यांचा भुगा झाला. त्या पानांवरील माणसांची नावे आता कोठेही नाहीत. अन्यत्र नूतनीकरणाच्या घाईत लेख असलेला कबरीचा दगड पायरीला उलटा बसविलेला पाहिला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. वाचणारे कोणी नव्हते, इतकेच.

म्हणून आमची विनंती आहे. धर्मग्राम मंडळांनी या वह्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि मूळ वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात. बांधकाम काढण्यापूर्वी दगडांवरील लेख उतरून घ्यावेत. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत पोर्तुगीज लिपिवळण वाचायला शिकावे. अंगी चिकाटी असेल तर ते अवघड नाही. या वह्यांत अभिमानाच्या गोष्टी सापडतील, तशा अप्रियही सापडतील. दोन्ही जशाच्या तशा उतराव्यात. डॉ. व्हिएगस यांनी 1896 साली दिसले ते सांगितले, म्हणून पुढचे उपाय शक्य झाले. आपल्या हाती आज एक कपाट आहे. ते या पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावे.