रासायनिक कारखान्यांतील वायुप्रदूषण नियंत्रण (खानदेश)
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रासायनिक कारखान्यांना १९८१ च्या वायुप्रदूषणविषयक कायद्यानुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. आम्लवायू स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतले जातात. द्रावण वेळेवर बदलले नाही, तर त्याची क्षमता संपते आणि वायू तसाच चिमणीतून निघून जातो. खरी कसोटी म्हणूनच यंत्र बसवण्यात नसून ते रोज नीट चालवण्यात आहे. द्रावकांची वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून पुन्हा वापरता येते, उरलेली सक्रिय कोळसा शोषतो. मात्र धोका केवळ चिमणीतून निघणाऱ्या वायूंचा नसतो: वाघाडी (ता. शिरपूर) येथील रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी झालेल्या स्फोटात किमान १३ जणांचा बळी गेला. म्हणून चिमणीइतकेच टाक्या, झडपा व साठवणुकीवरही लक्ष हवे.